कोरी पाठ

बंदूकवाल्यांनी शांतिसेनेतल्या कुंडलिकला धुळीत गुडघ्यांवर बसवलं आणि त्याचा शर्ट फाडला. आफ्रिकेतल्या त्यांच्या गावची गुरं शत्रूच्या टोळीनं पळवली होती, घरं जाळली होती. आता समोर येईल त्याला आडवं करत ही माणसं सुटली होती. कुंडलिकच्या बरोबरचे दोघे आधीच रक्तात पडले होते.

त्याच्या पाठीवरचे दोन खोल वण बघून म्होरक्या थबकला.

"हे कुणी केलं विचारतोय, दादा," शेजारी बसवलेला दुभाषा गॅब्रिएल म्हणाला. पुण्यात कॉलेज केल्यामुळे त्याला मराठी छान यायची.

"देवाच्या नावानं केलंय. सांग त्याला, आमच्या मुरबाडला, म्हशाच्या जत्रेत नवस फेडायला पाठीत लोखंडी गळ टोचून घेतात. आमचा बैल मरता मरता उठला म्हणून मी घेतला. माज्या बापानं घेतला, आज्यानंपण घेतला."

गॅब्रिएलनं शब्दन् शब्द सांगितला. म्होरक्यानं बंदूक खाली केली, स्वतःचा सदरा वर करून पाठीवरचे वण दाखवले आणि कुंडलिकला उठवून छातीशी धरलं.

"म्हणतोय, आम्हीपण गुरांच्या नावानं वण घेतो. ज्याच्या पाठीवर वण, तोच आपला." हे सांगताना गॅब्रिएल मागं सरकला.

म्होरक्यानं आता गॅब्रिएलचा शर्ट फाडला. पाठ कोरी होती.

"नको! तो माजा भाऊ हाय!" कुंडलिक जीव तोडून ओरडला. पण ते त्यांच्या भाषेत सांगणारा तोवर धुळीत कोसळला होता.