डाव्या टाचेची पैज
“वसंतातल्या नवरोजच्या सणापर्यंत तुझा डावा पाय हलला नाही, तर चौकात खोगीर घालून तुझा घोडा होईन,” मी शेजारच्या ओमुरकुलला म्हणालो. “हलला, तर तुझी टोपी माझी.” “शोध खोगीर, गाढवा.” बकरा हिसकावायच्या खेळात तो घोड्यावरून पडला होता, तेव्हा मज्जारज्जू अर्धा चिरला होता. उजवा पाय हलायचा, पण चटका कळायचा नाही. डावा हलायचा नाही. चटका कळायचा, पण पाय कुठंय ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. हिवाळाभर चोळून मी थकलो, चोळून घेऊन तो. नवरोजला हरलो. खोगीर चढवून गावासमोर रांगलो. “चल, म्हाताऱ्या!” पाठीवरून ओमुरकुल ओरडला. तेवढ्यात डाव्या बरगडीत टाच बसली. पुन्हा बसली, घोडा पिटाळतात तशी. तो पुढं बघत होता, त्याला पत्ताच नव्हता. “दमलास?” त्यानं विचारलं. “छे,” म्हणालो आणि सोलवटलेल्या गुडघ्यांनी दुसरी फेरी धरली. टोपी काय, नंतरही मागेन.