सहादेवची सही

सहादेवला आपल्या पोराचं पळणं कधी दिसलंच नाही, याचा त्याच्या आईला, गोजरबाईला, वीट आला होता. नातू छगन रोज पहाटे घोडेगावच्या रस्त्यानं दोन-तीन कोस पळून यायचा आणि बाप अंथरुणातूनच विचारायचा, "मागं कुत्रं लागलंय का रं?"

बहात्तर साली शाळेनं जिल्ह्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला छगनचं नाव दिलं. पण बापाच्या सहीशिवाय पोराला पळू देईनात. गोजरबाईनं लेकाला विनवलं, शिव्या घातल्या, भाकरी आदळून वाढली. त्याचं आपलं एकच, "पळून कुनाचं प्वाट भरलंय, आये?"

शेवटी मास्तर घरी आले. म्हणाले, "काळजी करू नका. गेल्या साली एक पोरगा उन्हानं रस्त्यातच पडला, म्हणून यंदा शाळेनं सगळ्यांचा विमा उतरवलाय. पोराला काही झालं, तर पैसे बापाच्या हातात मिळतात."

सहादेव सावरून बसला. मास्तरांसाठी त्यानं घोंगडी झटकून अंथरली, चहा टाकायला सांगितला.

"नुसता पाय मोडला तर किती? आन त्याच्याहून वाईट झालं तर?"

मास्तरांनी खाली बघत आकडे सांगितले. सहादेवनं त्यांचाच पेन मागून घेतला आणि झोकात सही ठोकली.

गोजरबाई चुलीपुढून उठली नाही. थकल्या आवाजात एवढंच म्हणाली,

 

"सहादेवा, पोरगं जितलं तर काय मिळतंय, तेवढं इचारायचं ऱ्हायलं बघ तुजं."