व्यक्ती आढळत नाही

पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी शाल्मली भानावर आली. गॅस बारीक करून तिने पुन्हा फोनकडे पाहिलं. तिच्या जनुकांत कॅन्सरचा आनुवंशिक दोष सकाळीच सापडला होता, आणि नव्या नियमाप्रमाणे दवाखान्याच्या यंत्राने तो तासाभरात रक्ताच्या नातेवाइकांना कळवलाही होता. सगळ्या चुलतभावांपुढे हिरव्या खुणा होत्या. कुमुदआत्यापुढे मात्र लिहिलं होतं, ‘व्यक्ती आढळत नाही.’

यंत्राने घराण्याचा छापील कुलवृत्तांत वाचला होता. त्यात लेकींची फक्त माहेरची नावं. लग्नात तांदळात लिहिलेलं आत्याचं नवं नाव ‘वासंती’ त्याला कुठून कळणार?

शाल्मलीने स्वतःच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“याच आठवड्यात तपासून घे आत्या. दोघी मुलींनाही ने.”

“अगं, माझ्या कैऱ्या चिरून पडल्यात. आणि मुलींच्या सासरी काय सांगू?”

“त्यांच्याशी मी बोलते. लोणचं थांबेल, हे थांबणार नाही. बाबांकडून माझ्यात आलंय, तुझ्यातही असू शकतं. लवकर कळलं तर उपाय आहेत.”

आत्याने खडखडत कैऱ्यांवर ताट झाकलं. मग म्हणाली, “बरं. त्या यंत्राला सांग, कुमुद सापडली म्हणून.”

शाल्मलीने जुन्या नावापुढे नवं नाव जोडलं. खूण हिरवी झाली.

ओट्याखाली लसूण सोलत बसलेल्या जुईने मान वर केली.

“आई, मोठेपणी माझं नाव बदललं, तर मला तूच फोन करशील ना?”