लांबच्या गिऱ्हाइकाला आधी

“जा तुम्ही आधी. खानवेलची शेवटची बस चुकेल.”

दत्तात्रयशेठांनी दवाखान्यात तिसऱ्यांदा आपला नंबर दुसऱ्याला दिला. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने, शैलजाने, हातातलं पुस्तक मिटलं. आजसाठी तिने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

“बाबा, तीन दिवस छातीत दुखतंय तुमच्या.”

“पित्त आहे गं. आणि आपलं घर सिल्वासात, पाच मिनिटांवर. आपल्याला कसली घाई?”

त्यांच्या कापडाच्या दुकानाचा हाच नियम होता. कितीही गर्दी असो, लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी. त्यावर दुकान चाललं आणि पंच्याऐंशी साली दुकानदार पंचायतीचा मेंबर झाला. मग कापड घेणाऱ्यांच्या जागी अर्ज घेऊन येणारे आले, घराची ओटी भरून जाऊ लागली. आईचं दुखणं असो की शैलजाचं मोडलेलं लग्न, घरातलं बोलणं खानवेलची बस गेल्यावर. बस जायची, तोवर बाबांचा डोळा लागलेला असायचा.

डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले. “मला वापीला निघायचंय. तातडीचं कोणी राहिलंय का?”

“छे छे, आम्ही उद्या येतो,” बाबा हसून म्हणाले.

डॉक्टरांनी शैलजाकडे पाहिलं. तिने पुन्हा पुस्तक उघडलं. भोगा आता, असं तिच्या मनात आलं.

पहाटे बाबा गेले.

दहापर्यंत ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. दुकानातला जुना नोकर सुकदेव शेजाऱ्यांना भिंतीकडे सरकवत होता. “वाट द्या, खानवेलवाले आलेत. शेठ असते तर रागावले असते आपल्यावर.” शेजारी मुकाट्याने सरकले. शैलजाही सरकली.

खानवेलच्या मंजुळाबाईंनी बाबांच्या पायांवर डोकं टेकवलं. मग त्या शैलजापाशी आल्या. “तुम्ही नशीबवान, ताई. आम्हाला बस धरून यायला लागायचं. तुम्हाला कवापण बोलता यायचं.”

शैलजाने नुसते हात जोडले.

सगळ्यांचं दर्शन घेऊन झाल्यावर तिला पुढे बोलावलं. ती बाबांच्या उशाशी बसली. मान वर केली आणि वर्गात बोलावं तशा स्पष्ट आवाजात, समोर कोणी उभं असल्यासारखी म्हणाली,

“डॉक्टर, थांबा. आधी माझ्या वडिलांना बघा.”