अठ्ठावन्न नंबरचा रुमाल

पन्नास नंबरनंतर एकदम एकसष्ट. मधलं पानच नव्हतं. कुणीतरी ते ब्लेडने शिवणीलगत इतकं सफाईने कापलं होतं, की बोट फिरवल्याशिवाय कळतही नव्हतं.

भिंग जिन्याखालच्या त्या कोंदट खोलीत मटकन खाली बसली. वसतिगृहात नववीतल्या या मुलीला सगळे भिंगच म्हणत. हरवलेल्या चपलेपासून फुटलेल्या काचेपर्यंत कशाचाही छडा लावल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. गेल्या शनिवारी सफाईच्या तासाला तिला मुलींची नावं आणि नंबर लिहिलेलं हे चोवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडलं होतं. उघडणार तोच घंटा झाली. वॉर्डनबाईंनी कुलूप घातलं आणि किल्ली कपड्यांच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. शनिवारखेरीज तिला हात लावला असता, तर त्या खोलीवरच्या मावशींवर बालंट आलं असतं. म्हणून भिंगने आठवडाभर कसाबसा दम धरला होता.

मावशींवर एक बालंट आधीच होतं. चोवीस वर्षांपूर्वी इस्त्रीच्या खोलीत आग लागली आणि शेजारचं वाचनालय जळून खाक झालं. आग लागली की लावली, याचा निकाल कधी लागलाच नाही. खापर मात्र मावशींच्या डोक्यावर फुटलं. इस्त्री बंद करून वायर गुंडाळून ठेवली होती, हे त्या घसा फोडून सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली त्यांना अर्धवट जळका रुमाल सापडला. मुलींना तर त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती.

शाळेत कपडे एकत्र धुतले जात, म्हणून प्रत्येक मुलीला नंबर असे. आता तो घरून शिवून येई, पण तेव्हा मुली लाल दोऱ्याने कपड्यांवर आपला आपणच शिवत. रुमालावर नंबर होता अठ्ठावन्न.

"स्वतःची चूक लेकरांवर ढकलू नका," तेव्हाच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. विषय संपला. मावशींची नोकरी राहिली, पण इस्त्रीला पुन्हा हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. तेव्हापासून त्या कपडे नुसते तळहाताने चापून घड्या घालत आल्या होत्या. त्यांना आकडे कळत, अक्षरं नाहीत.

सोमवारी त्या निवृत्त होणार होत्या.

"कुणाला शिक्षा व्हावी असं नाही गं," त्या भिंगला म्हणाल्या होत्या. "जायच्या आधी एकदा कुणीतरी म्हणावं, मावशी, इस्त्री तुम्ही बंद केली होती. बस, एवढंच."

भिंगने शब्द दिला होता.

रजिस्टर सापडल्याचं अख्ख्या शाळेत फक्त टिल्लूला माहीत होतं. टिल्लू तिच्याच खोलीत राहायची, तीन वर्षांची जिवाभावाची मैत्रीण. तिला कागद कापून चित्रं करायचा नाद होता आणि तिच्या डब्यात ब्लेडं असत.

"मी कशाला कापू?" टिल्लूचे डोळे भरून आले.

"मग पानाला पाय फुटले?"

"तू मला चोर म्हणतेस?"

भिंगने तिच्या ब्लेडच्या डब्याकडे पाहिलं. टिल्लूने गादी गुंडाळली आणि ती व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत राहायला गेली. भिंगला हा विश्वासघात जिव्हारी लागला. कुणी परक्याने केलं असतं, तर तिला इतकं रडू आलं नसतं.

रविवारी तिने हे सगळं आईला लिहिलं. मोबाइलला बंदी होती, म्हणून ती दर रविवारी पत्र लिही, तपासाची बारीकसारीक हकीकतसुद्धा. पाकिटावर घरचा पत्ता ती दर वेळी सावकाश, वळणदार अक्षरात घाली. ही शाळा बाबांनी निवडली होती. त्यांची बदलीची नोकरी. आईचा शेवटपर्यंत नन्नाचा पाढा होता. सोडायला आली, तीही डोकं दुखतंय म्हणून फाटकाबाहेर गाडीतच बसून राहिली. रडवेलं तोंड दाखवायचं नसेल, असं भिंगने तेव्हा धरलं होतं.

मात्र गेल्या गुरुवारी, भिंगचा पेपर चालू असताना, आई येऊन कपड्यांच्या खोलीतल्या तिच्या कप्प्यात नवा स्वेटर ठेवून गेली. सोबत चिठ्ठी होती: 'त्या जिन्याखाली भिंतींना ओल असते. अंगात घालत जा.' कॉलरच्या आत नंबर शिवलेला होता, एकशे बारा. प्रत्येक आकड्यामागे नेहमीसारख्या तीन बारीक गाठी.

"एक गाठ पुरते की!" भिंगचे कपडे बघून टिल्लू हसायची.

"आईचा कुणावर विश्वास नाही. दोऱ्यावरही नाही," भिंग सांगायची.

सोमवारी मावशींनी आपलं बोचकं बांधलं. भिंग दारात मान खाली घालून उभी राहिली.

"मावशी, नाही जमलं मला."

"वेडी. चोवीस वर्षांत माझ्या बाजूने एवढी धडपड कुणी केली?" मावशींनी ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. आजवर त्यांनी तिला रुमाल पिशवीतूनच दाखवला होता, नंबर वर करून. "आता हा तूच ठेव. मी कुठे मिरवू?"

भिंगने पहिल्यांदाच तो हातात घेतला. एक कड जळून काळी पडली होती. तिने सवयीने रुमाल उलटा केला.

पाचामागे तीन गाठी. आठामागे तीन.

स्वेटरची कॉलर मानेला टोचत होती. व्हरांड्यातून टिल्लू धुतलेले कपडे घेऊन गेली. तिने इकडे पाहिलंही नाही.

"कोण होती देव जाणे," मावशी बोचक्याची गाठ आवळत म्हणाल्या. "आता कुठे शोधायची तिला?"

भिंगने स्वेटर काढला, उलटा केला आणि रुमालाशेजारी ठेवला.

"मावशी, इस्त्री तुम्ही बंद केली होती," ती म्हणाली. "पत्ता मला पाठ आहे."