दोन तास पाच मिनिटं

मुलगा विमानात बसला की सासूबाईंचा जीव टांगणीला लागायचा. तेराशे किलोमीटर, दोन तास पाच मिनिटं, हे आकडे त्यांना तोंडपाठ. तेवढा वेळ त्या पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत, मांडीवर फोन घेऊन बसून राहायच्या.

आज दीड तासानंतर सुनेच्या फोनवरच्या नकाशातलं त्याचं इवलंसं विमान समुद्रावर असताना एकाएकी दिसेनासं झालं. विमानतळाचा फोन कुणी उचलेना. सासूबाईंना सांगणार कोणत्या तोंडाने? त्यांच्याकडे पाठ करून ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिली.

बरोबर दोन तास पाच मिनिटांनी सासूबाईंच्या फोनवर मेसेज आला. ‘पोचलो गं आई. जेव आता.’

“पोचला बाई एकदाचा!” त्यांनी डोळे पुसले. “वाढ गं, कडकडून भूक लागलीय. अगं, तू का अशी पांढरीफटक पडलीस?”


तो मेसेज आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून आपोआप आला होता. “उतरल्यावर माझ्याकडून राहून जातं,” म्हणत, मोजे चढवता चढवता, नवऱ्याने सकाळीच तिच्यासमोर त्याची वेळ लावून ठेवली होती.