लाव्यांची बोली

मूग तोडताना सापडलेली लाव्यांची अंडी वत्सलाने घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. पिल्लं मोठी झाली, तेव्हा ती त्यांना डालग्यात घालून आपल्या माळावर घेऊन आली.

डालगं उघडलं, तर पक्षी तिच्याच पायांशी घुटमळायला लागले.

"कोंबडीनं वाढवलेत. यांना रान काय कळणार?" तिचा नवरा सोपान म्हणाला.

तेवढ्यात बांधालगतच्या गवतातून एका रानलाव्याने साद घातली. वत्सलाच्या पायाशी उभ्या नराने मान ताठ केली आणि अगदी तशीच साद दिली. मग सगळे त्या गवताकडे पळाले.

"ही बोली यांना कुणी शिकवली हो?"

सोपान ऐकतच राहिला. उद्या म्हशीसाठी तो तेच गवत कापणार होता.

"चारा दुसरीकडून आणू," तो हळूच म्हणाला.